दुसरं मेणबत्तीदान

विजेचं मीटर बघायला आलेला माणूस दारातच थबकला. बाहेरच्या खोलीतल्या भिंतीकडे बघत म्हणाला, "हे तुमचे दादा-वहिनी का हो? काय गोड बाळ आहे त्यांचं!"

भिंतीवर माझ्या इलिंकाच्या बाप्तिस्म्याचा फोटो आहे. सासूबाईंनी रादाऊत्स शहरातून सोनेरी चौकट करून आणलेला, एखाद्या खिडकीएवढा. मध्ये ओतिलिया, अंगात निळा रेशमी पोशाख, हातांवर पांढऱ्या लेसमध्ये गुंडाळलेली माझी मुलगी. शेजारी माझा नवरा साविन. तो ओतिलियाकडे जरासा झुकलाय आणि इलिंकाच्या डोक्याखाली त्याने तळहात धरलाय. दोघंही हसतायत. मागे सोनेरी मुलाम्यातले संत रांगेने उभे, तेसुद्धा खूश दिसतात.

"तो माझा नवरा," मी म्हटलं. "आणि बाळ माझं."

"मग या बाई कोण?"

"नाशा."

"हां हां, नाशा होय!" त्याने टोपी मागे सारून पुन्हा एकदा फोटो न्याहाळला. "पण शोभून दिसतायत हां."

तो गेल्यावर मी इलिंकाला कडेवर घेऊन त्या फोटोसमोर उभी राहिले. तिने बोट नाचवलं आणि चौकटीच्या चकाकीकडे बघून हसली. आज तिला काही कळत नाही. पण उद्या बोलायला लागेल, शाळेत जाईल, मैत्रिणींना घरी आणेल. कुणीतरी विचारेल, "ह्यात तुझी आई कुठली?" तेव्हा ती कुणाकडे बोट दाखवणार?

आमच्याकडे लग्नात जी बाई नवरानवरीच्या मागे मेणबत्ती धरून उभी राहते, तीच पुढे त्यांच्या पहिल्या मुलाची धर्माची आई होते. तिला नाशा म्हणायचं, तिचं ऐकायचं, सणाला तिच्या दारी गोड पाव घेऊन जायचं. आणि बाळंतिणीने चाळीस दिवस चर्चचा उंबरा ओलांडायचा नाही. चाळीस झाले की पाद्रीबुवा तिच्या डोक्यावर प्रार्थना म्हणतात, मगच आत पाऊल. शहाणी माणसं तेवढे दिवस थांबून बाप्तिस्मा करतात. पण साविन जर्मनीत घरांवर छपरं घालतो आणि छपरांचा हंगाम कुणाच्या बाळंतपणासाठी थांबत नाही. त्याला सुट्टी मिळाली तेव्हा माझे चाळीस भरले नव्हते. सासूबाई म्हणाल्या, "बापाशिवाय बाप्तिस्मा झालेला मी ऐकला नाही. आमच्या काळात आईशिवाय तर सगळ्यांचेच झालेत." झालं. सगळे नटून गेले आणि मी घरी, घरातल्याच झग्यात, खिडकीशी बसून घंटा ऐकत राहिले.

आमच्या लग्नात मेणबत्ती धरणाऱ्या ओतिलियाचं शहरात केस कापायचं दुकान आहे. साविन मिसरूड फुटल्यापासून तिच्याचकडे केस कापतो. जर्मनीहून आला की घरी पिशवी टाकतो, मला जवळ घेतो, पोरीचा पापा घेतो आणि म्हणतो, "जरा नाशाकडे जाऊन येतो, केस फार वाढलेत." कानामागे साबणाचा वास घेऊन परत येतो आणि तिने सांगितलेले विनोद मला ऐकवतो. त्यांच्यात काही आहे असं मी म्हणत नाही. नाहीच आहे. ओतिलिया त्याच्यापेक्षा बरीच मोठी आहे, तिचा नवरा ग्रिगोरे देवमाणूस आहे. पण माझ्या नवऱ्याच्या मानेवरचा तीळ तिला माझ्याआधी माहीत होता, याला मी काय करू?

आणि इलिंका. माझ्याकडे रडरड रडणारी पोर तिच्या खांद्यावर गेली की गप्प. ओतिलिया म्हणते, "बाळांना कळतं गं, कोण घाबरलेलं आहे आणि कोण नाही." बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या दिवशी बाळाला त्यानंतरची पहिली आंघोळही नाशानेच घालायची असते. पाण्यात फुलं टाकलेली, भोवती बायका गाणी म्हणतायत आणि मी आपली तांब्याने पाणी ओतणारी. ती गेल्यावरही पोरीच्या टाळूला तिच्या अत्तराचा वास येत होता. मी सगळ्यांचा डोळा चुकवून इलिंकाला पुन्हा न्हाऊ घातलं. माझ्याच पोरीला, चोरून.

मीटरवाला येऊन गेला त्या दुपारी मी साविनचा जुना लॅपटॉप कपाटातून काढला.

फोटो दुरुस्त करायचा प्रोग्राम फुकट मिळतो हे मला ठाऊक होतं. शिकवायला यास शहरातला कुणी एक पोरगा होता, इंटरनेटवर. चेहरा कधी दाखवायचा नाही, नुसता आवाज. "नमस्कार मंडळी, आज आपण लेयर म्हणजे काय ते बघू." इलिंका दुपारी जेवून झोपली की मी स्वयंपाकघरातल्या टेबलावरचा मेणकापडाचा तुकडा पुसायचे, लॅपटॉप मांडायचे आणि एकाच कानात हेडफोन घालायचे. दुसरा कान पाळण्याचा.

पहिले काही दिवस मी नुसती रडले. माऊस फिरवते, काहीच होत नाही. पुन्हा फिरवते, भलतंच होतं. एकदा साविनचं नाक गेलं आणि परत आणता येईना. यासचा पोरगा शांतपणे सांगायचा, "काहीच होत नसेल तर तुम्ही चुकीच्या लेयरवर आहात, बघा जरा." मी बघायचे. खरंच चुकीच्या लेयरवर असायचे. एवढ्या शांतपणे मला घरात कुणी काही सांगितलं नव्हतं. सासूबाई सांगतात तेव्हा भांडीसुद्धा दचकतात.

लेयरचं मला एकदम समजलं ते आमच्या हिवाळ्याच्या खिडक्यांवरून. थंडीत आम्ही दोन तावदानं लावतो, मध्ये कापूस भरतो, कुणी त्यात कागदाची फुलंही ठेवतं. आतून बघणाऱ्याला वाटतं फुलं अंगणातल्या बर्फात उगवलीत. तसंच हे. मागे चर्च, त्याच्यापुढच्या काचेवर ओतिलिया, त्याच्यापुढच्या काचेवर इलिंका आणि साविनचा हात. मधली काच काढून घ्यायची, दुसरी सरकवायची. पुढचे आणि मागचे जागच्या जागी.

सांगायला सोपं आहे. ओतिलियाला कापून काढताना तिचे केस आले.

त्या दिवसासाठी तिने केस कुरळे केले होते, कानांवरून बटा सोडल्या होत्या आणि एकेक बट पुन्हा चार बारीक केसांत फुटलेली. सरळ कापलं की तिच्यामागच्या संतांच्या तेजोवलयात तिच्या केसांचे झुपके राहायचे, संतांनाही जणू कुरळे केस. मग मी फोटो मोठा करून एकेक केस पकडायला बसले. रोज दुपारी थोडे. माझ्या आयुष्यात मी कुणाचे केस इतक्या निगुतीने हाताळले नव्हते, माझ्या पोरीचेही नाहीत. तिला तेव्हा होतेच कुठे?

फोटो मोठा करता करता मी आणखी एक करायचे. साविनची बोटं शोधायचे. त्याचा तळहात इलिंकाच्या डोक्याखाली आहे, बरोबर. पण करंगळी? ती लेसवर आहे की ओतिलियाच्या निळ्या बाहीवर? मोठं केलं, अजून मोठं केलं. जेवढं जवळ जावं तेवढे नुसते चौकोन. एक चौकोन त्वचेच्या रंगाचा, एक निळसर, एक दोन्हींच्या मधला. त्या मधल्या चौकोनाकडे मी किती वेळ बघत बसले असेन देव जाणे. इलिंका जागी होऊन बडबडायला लागली तेव्हा भानावर आले.

"काय करतेस गं त्या डब्यात सारखी?" सासूबाईंनी विचारलं. त्यांचं नाव झेनोव्हिया. गावात त्यांना नावाने हाक मारायची हिंमत दोघींचीच, एक पाद्रीबाई, म्हणजे पाद्रीबुवांची बायको, आणि दुसरी दुकानवाली.

"शिकतेय, आई."

"शिकून काय होणार?"

"फोटो नीट करता येतील."

"तुझ्या लग्नातल्या फोटोत माझे डोळे मिटलेत. ते उघडता येतील?"

"बघते."

"बघ बाई. मग शीक," म्हणाल्या आणि माझ्यासमोर दुधाचा पेला ठेवून गेल्या.

त्यांचे डोळे मी दुसऱ्या एका फोटोतून आणून बसवले. त्यांनी चष्मा लावून पाहिलं, "ही मी नाही, माझी बहीण दिसतेय," म्हणाल्या. पण तो फोटो छापून आणायला लावलाच आणि दुकानवालीला दाखवून आल्या.

आता मला माझाच एक फोटो हवा होता, ओतिलियाच्या जागी उभं राहण्यासारखा. लग्नातले चालेनात. यासच्या पोराने बजावलं होतं, "मंडळी, उजेड कुठून येतो ते आधी बघा. उजेड खोटं बोलत नाही." चर्चमध्ये उजेड डावीकडून, उंच खिडकीतून आला होता. मी आमच्या व्हरांड्यात सकाळी तसाच उजेड येतो ते हेरलं. लग्नानंतरचा एक बरा पोशाख घातला, पोट आत घेतलं. इलिंका आता बाप्तिस्म्याच्या दिवसापेक्षा दुप्पट झाली होती आणि हातपाय मारत होती, तिला धरून उपयोग नव्हता. म्हणून मक्याच्या पिठाची पिशवी टॉवेलात गुंडाळली आणि हातांवर घेतली.

"आई, माझा एक फोटो काढता?"

सासूबाईंनी फोन हातात घेतला, मला बघितलं. "पीठ घेऊन?"

"साविनला पाठवायचाय."

"त्याला जर्मनीत पीठ मिळत नाही का?" पण त्यांनी काढला. "हस जरा. पीठ आहे ते, पाद्रीबुवा नव्हेत."

पुढचं सगळं मी मन लावून केलं. ओतिलियाची काच काढली, माझी सरकवली. इलिंकाला माझ्या हातांवर ठेवलं, पिठाची पिशवी तिच्याखाली झाकून गेली. साविनची करंगळी आता माझ्याच बाहीवर होती आणि त्या मधल्या चौकोनाबद्दल मला काही विचारायचं उरलं नाही. पण ओतिलिया माझ्यापेक्षा उंच, त्यात तिच्या टाचा, त्यात ते केस. ती गेली त्या जागी माझ्या खांद्याशेजारी एक मोठं भगदाड पडलं. ते बुजवायला मी फोटोच्या डाव्या कडेला असलेलं उंच पितळी मेणबत्तीदान उचललं आणि त्याचीच एक प्रत माझ्या शेजारी उभी केली. ज्योतींसकट. छान दिसलं. माझ्या पोशाखावर त्यांचा पिवळा उजेडही थोडा पसरवला.

मग मी हात मांडीवर ठेवून बघत राहिले. मी चर्चमध्ये होते. माझी मुलगी माझ्या हातांवर होती. नवरा माझ्याकडे झुकून हसत होता.

साविनला पाठवला आणि वाट बघत बसले. तो जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओवर आला, मागे विटा, डोक्यावर पिवळी टोपी.

"कासियाना, काय सुंदर फोटो आहे गं हा! आधी का नाही पाठवलास?"

"आवडला?"

"फार आवडला. तू जरा दमलेली दिसतेस. पण साहजिक आहे, तेव्हा नुकतीच बाळंतीण होतीस."

"साविन," मी म्हटलं, "मी कुठे होते त्या दिवशी?"

"कुठे म्हणजे? ही काय, माझ्या शेजारी." मागून कुणीतरी त्याला हाक मारली. "चल, छपरावर बोलवतायत. पोरीला पापी दे!"

मी बंद झालेल्या फोनकडे बघत राहिले. खिडकीशी बसून घंटा ऐकणारी बाई त्याच्या डोक्यात नव्हतीच. तिथे कोण होतं नि कोण नव्हतं, त्याला आठवतच नव्हतं. एवढे दिवस मी ओतिलियाला एकेक केस धरून काढलं आणि ह्याला ती गेल्याचंही कळलं नाही. मत्सर कुणाचा करावा हेच मला उमगेना. आणि तरी, खरं सांगते, थोडं बरंही वाटलं. गेली तरी कळलं नाही म्हणजे ती काही फार नव्हती तिथे.

संध्याकाळपर्यंत त्याने तो फोटो फेसबुकवर टाकला. वर लिहिलं, "माझं सगळं जग."

रविवारी सासूबाई चर्चमधून आल्या त्या डोक्यावरचा रुमाल न सोडताच स्वयंपाकघरात शिरल्या.

"तू चाळीस दिवसांच्या आत चर्चमध्ये गेली होतीस?"

"नाही, आई."

"मग पाद्रीबाई मला सगळ्यांसमोर का विचारते? दुकानवाली म्हणते फोटो आहे. कुणी एक तर म्हणाली, मी स्वतः पाहिलं हिला, खांबामागे उभी होती, डोकं झाकून! आणि म्हणे त्याच आठवड्यात गारा पडल्या आणि अख्ख्या गावाची आलुबुखारं झडली ती उगाच नव्हे!"

"आई, मी घरी होते. तुम्हीच मला सूप देऊन गेला होतात."

"मला माहीत आहे गं! मीच सूप दिलं! पण आता मलाच वाटायला लागलंय की तू सूप पिऊन मागच्या दाराने गेलीस की काय!"

मी लॅपटॉप उघडून त्यांना दाखवलं. चर्चची काच, माझी काच. पिठाची पिशवीही दाखवली. त्यांनी चष्मा लावला. मग त्यांचं बोट पडद्यावर टेकलं.

"हे काय?"

"मेणबत्तीदान."

"आणि हे?"

"तेच. दुसऱ्यांदा."

सासूबाईंचा चेहरा उजळला. "अगं, आपल्या चर्चमध्ये एकच आहे! दुसऱ्यासाठी पाद्रीबुवा किती वर्षं वर्गणी मागतायत, ग्रामपंचायत देत नाही!" त्यांनी रुमाल पुन्हा घट्ट बांधला, माझ्याकडून फोटो फोनवर घेतला आणि आल्या पावली निघाल्या. खिडकीतून मला दिसत होतं, त्या एकेका फाटकाशी थांबत होत्या, फोन पुढे करत होत्या. "मोजा! तुम्हीच मोजा! किती आहेत?"

गावातल्या बायकांनी मोजली. मी अशुद्ध नव्हते, हे दुपारपर्यंत सिद्ध झालं. खांबामागे मला पाहिलं म्हणणाऱ्या बाईला तो खांबच असावा असंही आठवलं.

पण मोजणाऱ्यांपैकी एकीने विचारलं, "मग झेनोव्हिया, दुसऱ्या मेणबत्तीदानाच्या जागी कोण होतं?"

सासूबाई परत आल्या आणि रुमालासकट बाकावर बसल्या. "नाशाला काढलंस," एवढंच म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. नाशाला घरातून काढणं म्हणजे काय, ते आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. उद्या साविनला आणि मला काही झालं तर इलिंकाचं करणारी तीच. तिच्याशी भांडण झालेल्या घरातल्या मुलीच्या लग्नात मेणबत्ती धरायलाही लोक सहज तयार होत नाहीत.

"आपण जाऊ तिच्याकडे," सासूबाई म्हणाल्या. "मी कोझोनाक भाजते, सणाचा गोड पाव घेऊनच जाऊ."

पण कोझोनाकचं पीठ फुगायच्या आतच ओतिलियाची गाडी फाटकाशी थांबली.

ती कामावरूनच आली होती, झग्याला बारीक केस चिकटलेले. इलिंका माझ्या कडेवर होती. तिला बघताच इलिंकाने दोन्ही हात पुढे केले आणि मी पोरीला नेहमीसारखं आवळून धरलं. ओतिलियाने तिला घेतलं नाही. नुसती तिच्या गालाला टिचकी मारली.

"नाशा, सरबत देऊ?" सासूबाईंनी विचारलं.

"नको, झेनोव्हियाताई. कुठे आहे तो कॉम्प्युटर?"

मी तो टेबलावर उघडला. ती माझ्या शेजारी बसली. "दाखव. मला कसं काढलंस ते दाखव."

"नाशा, मला…"

"दाखव गं."

मी दाखवलं. एका बाजूला सगळे लेयर एकाखाली एक असतात, प्रत्येकासमोर एक छोटा डोळा. "हा डोळा मिटला की तुम्ही दिसत नाही," मी म्हटलं. "उघडला की दिसता. मी पुसलेलं नाही तुम्हाला. आत आहात."

तिने माऊस माझ्या हातातून घेतला. डोळा उघडला, ती आली. मिटला, गेली. उघडला. मिटला. तिचा चेहरा मला वाचता येईना. मग ती पडद्यावर वाकली आणि आपल्याच केसांकडे बघू लागली.

"केस छान कापलेस," ती म्हणाली. "एक तुटलेला नाही. माझ्याकडे शिकायला येतात त्या पोरींना एवढी सफाई वर्षभरात येत नाही." मग माझ्याकडे वळली. "पण माझ्या जागी मेणबत्तीदान? अगं, निदान एखादा संत तरी उभा करायचास!"

सासूबाईंच्या तोंडून हसू फुटलं आणि त्यांनी ते खोकल्यात लपवलं. मला हसू आलं नाही.

"भिंतीवर तुम्ही आहात," मी म्हटलं. "रोज येणारा-जाणारा विचारतो ह्या कोण. ही मोठी झाली की तिलाही तुम्हीच दिसणार. मी कुठे होते म्हणून विचारलं तर मी काय दाखवू? साविनलाही आठवत नाही हो. त्याला वाटलं मी होते."

"घरी होतीस. घरी होतीस म्हणून सांग."

"घरी बसलेल्या बाईचा फोटो कोण काढतं?"

ओतिलियाने इलिंकाच्या हातातून माझी वेणी सोडवली, पुन्हा तिच्याच हातात दिली. मग पिशवीतून आपला फोन काढला आणि बरंच मागे जात राहिली.

"ग्रिगोरेने काढला होता," ती म्हणाली आणि फोन माझ्यापुढे धरला.

आमचं फाटक. बाप्तिस्म्याहून परत आले तेव्हाचं. नाशा बाळ आईच्या हातात देते आणि म्हणते, तुम्ही मला बिनधर्माचं पोर दिलंत, मी तुम्हाला ख्रिस्ताचं लेकरू परत देते. ते म्हणताना ओतिलियाचं तोंड उघडं आहे. वाऱ्याने तिच्या सगळ्या बटा एका बाजूला उडाल्यात. आणि समोर मी. घरातला झगा, सुजलेले डोळे, केस कसेतरी वर बांधलेले, छातीवर दुधाचे दोन मोठे ओले डाग. हात पुढे केलेले. इलिंका अर्धी तिच्या हातांवर, अर्धी माझ्या, आणि तिचं तोंड माझ्याकडे वळलेलं, ओठ उघडलेले. भूक लागली होती तिला. मला आठवलं, फाटकाशी उभ्या-उभ्याच मला पान्हा फुटला होता.

साविन फोटोत नव्हताच. गाडीतून पिशव्या काढत असेल.

"हा तुम्ही मला कधी दाखवला नाहीत," मी म्हटलं.

"दाखवणार होते."

"मग?"

ओतिलियाने सासूबाईंकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "माझी हनुवटी बघ ना त्यात," ती पुटपुटली. "बैलाच्या गळ्यासारखी लोंबतेय. आणि तोंड उघडं. केस कापणाऱ्या बाईचे केस असे दिसले तर माझ्याकडे कोण येईल?"

"ह्याच्यासाठी?" मी म्हटलं. "एवढ्यासाठी तुम्ही हा ठेवून घेतलात?"

"तुझ्याकडे बघ आणि माझ्याकडे बघ," ती एकदम चिडून म्हणाली. "पोर माझ्या हातांवर आहे आणि माझ्याकडे बघतसुद्धा नाहीये! चर्चमध्ये एवढा वेळ धरली, खांदे दुखले, तेल लावलं, पाण्यात बुडवली, आणि फाटकाशी आल्यावर तुझा वास आला नि झालं. तो फोटो मी तुला देऊ? मला मूल असतं तर दिला असता."

सासूबाई पीठ मळायला लागल्या, उगाचच जोराने.

मी त्या फोटोवरून नजर काढली नव्हती. हिला माझा हेवा वाटत होता. एवढ्या मोठ्या, अत्तर लावणाऱ्या, शहरात दुकान असलेल्या बाईला. झगा आणि दुधाचे डाग असलेल्या माझा. मला वाईट वाटायला हवं होतं, थोडं वाटलंही. पण त्याआधी जे वाटलं ते गोडच होतं, त्याला मी काय करू?

"मला द्या तो," मी म्हटलं.

"हनुवटी नीट करून देशील?"

"देईन."

"आणि भिंतीवरचा?"

"तो तिथेच राहील. तुमच्या जागी कुणी येणार नाही. पण हा त्याच्या शेजारी, तेवढाच मोठा."

"तेवढाच?" तिने विचार केला. "बरं. पण केसही. केस खाली बसव."

सासूबाईंनी पिठाचे हात पुसून फोन बघितला. "आणि हे दुधाचे डाग काढ पोरी. बाहेरच्या खोलीत लावणार, पाहुणे बघतील."

"ते राहू देत, आई."

"का गं?"

ओतिलियाने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं. निळ्या रेशमावर असे डाग कधी पडणार नव्हते. तिने इलिंकाला घ्यायला हात पुढे केले आणि ह्या वेळी मी दिली. इलिंका तिच्या खांद्यावर गेली आणि गप्प झाली, नेहमीसारखी.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोर झोपल्यावर मी फोटो उघडला. ओतिलियाच्या बटा एकेक करून खाली आणल्या, कानांमागे बसवल्या. त्या केसांना माझ्याइतकं ओळखणारं दुसरं कुणी नाही. तिचं तोंड अर्धवट मिटवलं, म्हणजे ती बोलतेय असं न वाटता हसतेय असं वाटावं. माझे डाग तसेच ठेवले. उलट थोडा उजेड वाढवला, नीट दिसावेत म्हणून.

मग हनुवटी. ते सोपं काम आहे, एका हत्याराने हळूहळू वर ढकलायचं. मी ढकलली. थांबले, पाहिलं. आणखी थोडी ढकलली असती तर फाटकाशी उभी राहणारी ती पुन्हा सोनेरी चौकटीतली, चर्चमधली ओतिलिया झाली असती.

पाळण्यात इलिंका कुशीवर वळली. मी तिथेच हात थांबवला आणि फोटो जतन केला.

हनुवटी कमी केली. सगळी नाही.